गुलाबी औषधाचा खप

हॉस्पिटलच्या तळघरात, कपडे धुण्याची खोली आणि लिफ्टचं यंत्र यांच्या मधोमध, औषध विभागाचं ऑफिस होतं. एका भिंतीतून सतत गरम वाफेचा वास यायचा आणि दुसरी भिंत दर दोन-तीन मिनिटांनी थरथरायची. या दोन भिंतींच्या मधे बाई गेली कित्येक वर्षं बसत होत्या. शिक्षणानं त्या फार्मासिस्ट. पण आपल्याला आकड्यांची भीती वाटत नाही, हे त्यांनी एकदा चुकून वरच्यांना कळू दिलं आणि तेव्हापासून हॉस्पिटलातल्या झाडून सगळ्या औषधांचे आकडे त्यांच्या गळ्यात पडले. काम करणाऱ्याच्याच डोक्यावर काम चढतं, हा नियम हॉस्पिटलातही लागू असतो.

हॉस्पिटलात कुठली औषधं ठेवायची आणि कुठली नाही, हे दरवर्षी औषध समिती ठरवते. जगातली सगळी औषधं काही एका कोठारात मावत नाहीत. पूर्वी ज्या डॉक्टरचा आवाज मोठा, त्याचं औषध राहायचं. मग नवा प्रोग्राम आला. कुठल्या वॉर्डात किती औषध गेलं, कुणी लिहून दिलं, किंमत काय पडली, त्याच्या जागी दुसरं चालतं का, हे सगळं तो गिळायचा आणि प्रत्येक औषधाला एक रंग द्यायचा. हिरवं म्हणजे राहील. पिवळं म्हणजे बघू. लाल म्हणजे रामराम. हा प्रोग्राम बसवला बाईंनी, त्याला हॉस्पिटलच्या सवयी शिकवल्या बाईंनी, आणि लोकांनी त्यांचं नाव ठेवलं चाळणीबाई. बाईंना राग आला नाही. राग यायलाही अंगात थोडी ताकद लागते.

त्या आठवड्यात चाळण लावून झाली होती. लाल झालेली बरीचशी औषधं जाण्याच्याच लायकीची होती. एक खोकल्याचं औषध तर इतकं जुनं होतं, की ते लिहून देणारे डॉक्टर स्वतःच निवृत्त होऊन खोकत असतील. बाई कंटाळलेल्या डोळ्यांनी खाली खाली जात राहिल्या आणि एका ओळीवर थांबल्या.

गुलाबी.

खरं नाव लांबलचक आणि अवघड होतं, पण हॉस्पिटलात सगळे त्याला गुलाबीच म्हणत. तीव्र वेदनेवरचं पातळ औषध. ज्यांना गोळी गिळता येत नाही, त्यांच्यासाठी. औषधाच्या नावापुढे लाल चौकोन होता आणि शेजारी वर्षभराच्या वापराचा आलेख. सुरुवातीला उंच खांब, मग बुटके, मग शेवटच्या तीन महिन्यांत नखाएवढे. त्या नखाएवढ्या खांबांत एकच रुग्ण होता.

त्या रुग्णाचं नाव प्रोग्राम दाखवत नसे, फक्त क्रमांक दाखवी. पण बाईंना तो क्रमांक पाठ होता. तो खांब म्हणजे त्यांचे वडील होते.

अण्णा त्यांच्याकडेच राहत. घशाच्या दुखण्यानं त्यांना गेल्या वर्षापासून गिळता येईना. इलाज करून झाले, किरण देऊन झाले, आता फक्त त्रास कमी करायचा, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. दिवसातून तीनदा गुलाबी. बाटलीचं झाकण हेच माप, त्यात दोन रेघा. खालची रेघ लहान मुलांसाठी, वरची मोठ्यांसाठी. बाटली संपत आली की अण्णा सांगत, आणि बाई रीतसर चिठ्ठी लावून हॉस्पिटलातून दुसरी आणत.

आधी महिन्याला दोन बाटल्या लागत. मग दीड. आता एकच पुरत होती. बाईंना मनातून बरं वाटलं होतं. दुखणं थोडं उतरलं असेल. किती दिवसांनी घरात काहीतरी कमी होत होतं.

त्या रात्री जेवताना त्यांनी गुलाबीचा विषय काढला नाही. अण्णांच्या पुढ्यात गाळलेलं सूप होतं, आणि ते चमच्याचं टोक बुडवून बुडवून पीत होते. आयुष्यभर शिंपीकाम केलेला माणूस. गिऱ्हाइकानं दिलेल्या कापडातून त्याचा सदरा आणि वर स्वतःच्या मुलींना एकेक झबलं काढायचं, हे त्यांचं कसब. बाई आणि त्यांची धाकटी बहीण, दोघी लहानपणी गावभरच्या सदऱ्यांच्या उरलेल्या कापडात वाढल्या.

"दमलीस गं ताई," अण्णा म्हणाले. आवाज आता फुंकरीएवढाच उरला होता.

"समिती आहे ना परवा. नेहमीचंच."

"यंदा कुणाकुणावर कुऱ्हाड?"

"बघू." बाईंनी विषय टाळला. मागे एकदा फोनवर बहिणीशी बोलताना त्यांनी खरेदी अधिकाऱ्याच्या नावानं बोटं मोडली होती. महागडी औषधं त्याच्या डोळ्यात खुपतात, एकेका रुग्णावर किती खर्च झाला ते मोजत बसतो, असं काहीबाही. अण्णा तेव्हा शेजारच्या खोलीत पडून होते. बहीण दूरच्या शहरात राहायची आणि तिथून भरपूर काळजी करायची. काळजीला भाडं लागत नाही.

"तुमचं दुखणं कसं आहे?" बाईंनी विचारलं.

"तसं काही नाही."

हे अण्णांचं ठरलेलं उत्तर होतं. बायको गेली तेव्हाही त्यांनी हेच दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई वरच्या मजल्यावर गेल्या. गुलाबी सगळ्यात जास्त जायचं ते तिथल्या शेवटच्या वॉर्डात. बरं होऊन घरी जाणारे तिथे फार नसत. वडिलांसाठी आपण धडपडतोय, की खरंच कामासाठी आलोय, हे बाईंना स्वतःलाच नीट सांगता आलं नसतं. चोराच्या मनात चांदणं, तसं जिना चढताना त्यांना सारखं वाटत होतं की कुणीतरी विचारणार, तुम्ही इथे कशाला?

कुणी विचारलं नाही. तिथल्या सिस्टर एका वाटीत चमच्याच्या पाठीनं गोळी चिरडत होत्या.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"वेदनेची गोळी. पाण्यात कालवून नळीतून द्यायची. अर्धी नळीलाच चिकटते." सिस्टरांनी मान वर केली नाही. "गुलाबी होतं तेव्हा बरं होतं."

"गुलाबी आहे की. कोठारात आहे."

"हो? आमचे डॉक्टर म्हणाले बंद झालं. स्क्रीनवर येत नाही म्हणे."

बाईंच्या लक्षात आलं. गेल्या वर्षी समितीनं ठरवलं होतं, की डॉक्टर औषध लिहायला बसले की स्क्रीनवर आधी स्वस्त पर्याय दिसावेत. गोळी स्वस्त, गुलाबी महाग. गुलाबी दुसऱ्या पानावर गेलं. आणि दिवसाला शंभर रुग्ण बघणाऱ्या कुठल्या डॉक्टरला दुसरं पान उघडायला सवड आहे? पहिल्या पानावर नाही म्हणजे नाहीच. मागणी थांबली, मग खप उतरला, मग प्रोग्रामनं लाल शिक्का मारला. त्यात कुणाची लबाडी नव्हती. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं.

"मग तुम्ही मागितलं का नाही?" बाई म्हणाल्या.

सिस्टरांनी वाटी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच बाईंकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बाईंच्या डोळ्यांखालच्या वर्तुळांची सख्खी भावंडं शोभली असती. "काय काय मागायचं, बाई? चादरी मागते, माणसं मागते. मागून मागून तोंड दुखलं. हे राहून गेलं."

पलीकडच्या खाटेवर एक म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिच्या हाताची मूठ खाटेच्या दांड्याभोवती घट्ट होती. बाईंनी तिकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

समितीची बैठक त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि एरवी कुठेच थंड नसलेल्या हॉस्पिटलात नको इतकी थंड खोली. अध्यक्ष म्हणजे मोठे डॉक्टर. माणूस वाईट नव्हता. फक्त सकाळपासूनची त्यांची ही चौथी बैठक होती. शेजारी खरेदी अधिकारी, पुढे उघडा लॅपटॉप. बाकीचे डॉक्टर आपापल्या फोनमध्ये अर्धे बुडालेले. लाल औषधं एकामागून एक निघाली. खोकल्याचं जुनं औषध तर हशा पिकवून गेलं.

गुलाबीची पाळी आली तेव्हा बाई उभ्या राहिल्या. एरवी त्या बसून बोलत.

"हे काढू नये असं मला वाटतं," त्या म्हणाल्या. "याचा खप उतरला, तो स्क्रीनवरचा क्रम बदलल्यामुळे. गरज उतरलेली नाही. वॉर्डात गोळ्या चिरडून देतायत. मी बघून आले."

"वॉर्डातून लेखी मागणी आलीय?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"एखादी तक्रार?"

"नाही."

मोठे डॉक्टर हसले. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता. "बाई, रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. आणि कुणी रडत नसताना आपण बाटल्या भरून ठेवायच्या? हे आकडे तुमचेच आहेत. आम्हाला आकडे बघायला तुम्हीच शिकवलंत. आता तुम्हीच म्हणता, आकड्यांकडे बघू नका."

"तसं नाही—"

"मी बघितलंय ना," खरेदी अधिकारी स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले. "तीन महिन्यांत एकच रुग्ण. बाहेरचा. बाटल्यांची मुदत संपते आणि फेकाव्या लागतात. आणि त्या एकाचाही वापर अर्ध्यावर आलाय. म्हणजे त्यालाही आता फारशी गरज दिसत नाही. पुढच्या वर्षापर्यंत तो प्रश्न आपोआप मिटेल."

बाईंनी टेबलाची कड धरली.

"तो रुग्ण माझे वडील आहेत," त्या म्हणाल्या.

सगळे फोन खाली आले. खरेदी अधिकाऱ्यांचं तोंड पांढरं पडलं. ते उठले, पुन्हा बसले, म्हणाले, "मला खरंच माहीत नव्हतं." त्यांना माहीत नव्हतं हे खरंच होतं. क्रमांकाला तोंड नसतं.

मग सगळे फार चांगले वागले. तेच जास्त जड गेलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "अहो, आधी सांगायचं नाही का? आपल्या माणसासाठी एवढं नाही करायचं? औषध यादीतून काढू, पण तुमच्या वडिलांसाठी खास मागणी लावू. जितके दिवस लागेल तितके दिवस. माझी सही." खरेदी अधिकारी लगेच म्हणाले, "मी स्वतः बघतो, ताई." काल ते बाई म्हणत होते.

आता इथे बाईंनी काय म्हणायला हवं होतं, ते बाईंनाही ठाऊक होतं. वरच्या वॉर्डातली ती मूठ त्यांना दिसत होती. पण सकाळी पाचला उठून सूप गाळलेलं होतं, कालची झोप कालच बुडाली होती, आणि समोर कुणीतरी पहिल्यांदाच म्हणत होतं, की एक ओझं आम्ही उचलतो. माणूस थकला की समोर आलेला मदतीचा हात त्याला पुरतो, बाकीचे हात दिसत नाहीत.

"बरं," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. पुढच्या औषधाचं नाव वाचलं गेलं.

बैठक लवकर आटपली. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना आजच्या दिवस घरी जायला सांगितलं. बाई नवी बाटली पिशवीत टाकून निघाल्या. सुटल्यासारखंही वाटत होतं आणि काहीतरी चोरून नेल्यासारखंही.

दार त्यांनी आपल्या किल्लीनं उघडलं. अण्णांना चाहूल लागली नाही. ते स्वयंपाकघरात टेबलापाशी पाठमोरे बसले होते, दुपारच्या औषधाची वेळ होती. बाई उंबऱ्यातच थबकल्या.

अण्णांनी झाकणात गुलाबी ओतलं. वरच्या रेघेपर्यंत, अगदी बरोबर. झाकण डोळ्यांसमोर धरून पाहिलं, पूर्वी टेप धरून बघत तसंच. मग त्यांनी बाटलीच्या तोंडाशी झाकण नेलं आणि अर्धं औषध हळूच परत आत सोडलं. एक थेंबही सांडला नाही. खालच्या रेघेएवढं उरलं, ते त्यांनी घशात सोडलं. झाकण धुतलं, पुसलं, जागेवर लावलं. मग टॉवेलाचा कोपरा दातांत धरला, दोन्ही हात टेबलावर दाबले आणि तसेच बसून राहिले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. खप का उतरला हे शोधायला बाई जिने चढून वॉर्डात गेल्या होत्या.

"अण्णा."

अण्णा दचकले. टॉवेल खाली आला. पकडले गेलेल्या पोरासारखे ते आधी बाटलीकडे बघू लागले. "आज लवकर आलीस?"

"कधीपासून चाललंय हे?"

"काय?"

"अण्णा, मी बघितलं."

अण्णांना एक वाक्य बोलायला आता दोन वाक्यांचा दम लागे. "तूच म्हणालीस ना फोनवर. तो तुमचा खरेदीवाला महाग औषधं शोधून काढतो. एकेका रुग्णाचा खर्च मोजतो. मी म्हटलं, आपण कमी खर्च केला तर आपलं औषध त्याच्या डोळ्यावर येणार नाही. टिकून राहील." ते ओशाळं हसले. "आणि चाळण लावणारी माझीच मुलगी. तुझ्या बापाचाच खर्च सगळ्यात मोठा, असं कुणी तुला ऐकवायला नको."

बाई समोरच्या खुर्चीत बसल्या.

"अण्णा, महाग म्हणून नाही काढत," त्या म्हणाल्या. "कमी खपतं म्हणून काढतात. आज काढलं. कुणाला लागत नाही म्हणून."

अण्णांना समजायला वेळ लागला. मग त्यांच्या घशातून एक आवाज आला, आणि तो हसण्याचा आहे हे बाईंना उशिरा कळलं.

"म्हणजे मीच काढलं म्हण की."

"तुम्ही एकट्यांनी नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू आलं. रडू इतकं आलं, की आपण कुणासाठी रडतोय हे कळायच्या पलीकडे गेलं. तीन महिने हा माणूस टॉवेल चावत बसला होता, आणि तीन महिने त्या त्याचा उतरता खांब बघून मनात म्हणत होत्या, चला, बरं आहे. अण्णांनी हात पुढे करून त्यांच्या डोक्यावर ठेवला. शिंप्याच्या बोटांची टोकं अजून खरखरीत होती.

"आता जे राहिलं होतं ते घ्या," बाई डोळे पुसून म्हणाल्या. बाटलीत परत गेलेलं अर्धं त्यांनी झाकणात ओतलं. अण्णांनी ते घेतलं. थोड्या वेळानं खुर्चीतच त्यांची मान कलली. बाईंनी त्यांना धरून पलंगावर नेलं. ते झोपले. झोपेत त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल होत गेली. ती आठी तिथे आहे, हे बाई इतके दिवस विसरूनच गेल्या होत्या. तो त्यांचा चेहराच आहे असं वाटू लागलं होतं.

बाईंनी फोन लावला.

"साहेब, ती खास मागणी नको," त्या म्हणाल्या. "आणि गुलाबी पुन्हा समितीसमोर घ्या."

"बाई, ते झालं ना आज." मोठ्या डॉक्टरांच्या मागे कुठलीतरी पाचवी बैठक चालल्याचा आवाज येत होता. "तुमच्या वडिलांची सोय आपण केलीय."

"माझ्या वडिलांचा वापर अर्ध्यावर आला, ते दुखणं कमी झालं म्हणून नाही. ते सोसत होते. एका घरात राहून मला कळलं नाही, मग आपल्याला तळघरातून काय कळणार? वरच्या वॉर्डात कितीजण सोसतायत, ते आपण मोजलेलंच नाही. किती दिलं तेवढंच मोजलं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा, दार लावल्याचा आवाज आला.

"माझ्याकडे परत भावना घेऊन येऊ नका," मोठे डॉक्टर म्हणाले, पण आवाज मऊ होता. "आकडे आणा."

"आणते. उद्यापासून प्रत्येक खाटेपाशी जाऊन विचारते. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या सिस्टरना विचारते. महिनाभर द्या. आणि तोवर गुलाबी स्क्रीनच्या पहिल्या पानावर ठेवा."

"तुमचं तळघरातलं काम कोण करणार?"

"मीच. दुसरं कोण आहे?"

"एक महिना," मोठे डॉक्टर म्हणाले. "त्यानंतर आकडे काय म्हणतील ते."

बाईंनी फोन ठेवला. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. उद्या अजून लवकर उठावं लागणार, हे मात्र स्पष्ट दिसत होतं. त्यांनी सूप गॅसवर ठेवलं, भांडी घासली, बहिणीचा फोन आला तो वाजू दिला. बाहेर अंधारून आलं, समोरच्या इमारतीत दिवे लागले.

"ताई."

आतून फुंकरीएवढा आवाज. बाई हात पुसत गेल्या. अण्णा डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होते.

"औषधाची वेळ झाली का गं?"

आजवर त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. बाई पलंगाच्या कडेला बसल्या.

"झालीच आहे. दुखतंय का, अण्णा?"

"तसं काही..." अण्णा म्हणाले आणि थांबले. त्यांनी मुलीकडे नीट पाहिलं. तिच्या पदरावर साबणाचा फेस होता आणि डोळे सुजलेले होते. "हो," ते म्हणाले. "दुखतंय. खूप दुखतंय."

बाईंनी झाकण उजेडात धरलं आणि वरच्या रेघेपर्यंत भरलं.